पोटॅशियम वाहिन्यांची पेशींतर्गत वाहतूक

पोटॅशियम वाहिन्यांची पेशींतर्गत वाहतूक म्हणजे पोटॅशियम वाहिनी हे प्रथिन पेशीत तयार झाल्यापासून पेशीपटलावरील ठरावीक जागी पोहोचेपर्यंतचा, तसेच तेथून पुन्हा आत घेतले जाऊन त्याचा पुनर्वापर किंवा नाश होईपर्यंतचा प्रवास होय. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर पेशीचे नियंत्रण असते. अपूर्ण किंवा सदोष वाहिनी आतच अडवली जाते, पूर्ण झालेली वाहिनी पुढे पाठवली जाते आणि गरज बदलली की पटलावरील वाहिन्यांची संख्या कमी-अधिक केली जाते. हृदयाच्या ठोक्यांची लय, इन्सुलिनचा स्राव, मूत्रावाटे होणारे पोटॅशियमचे उत्सर्जन आणि चेतापेशींची उत्तेजनक्षमता या नियंत्रणावर अवलंबून असतात. दीर्घ क्यूटी संलक्षणाच्या दुसऱ्या प्रकारासह अनेक आनुवंशिक विकारांचे मूळ वाहिनीच्या कार्यात नसून तिच्या वाहतुकीतील अडथळ्यात असते.

पार्श्वभूमी

प्राण्यांच्या पेशीत पोटॅशियम आयनांचे प्रमाण सुमारे १४० मिलिमोल प्रतिलिटर असते, तर पेशीबाहेरील द्रवात ते ४ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर एवढेच असते. सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्च करून ही तफावत टिकवतो. पोटॅशियम वाहिन्या या पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांच्या नळ्या असून त्यांच्यातून पोटॅशियम आयन सहसा बाहेरच्या दिशेने वाहतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित राहते. एका उघड्या वाहिनीतून दर सेकंदाला लक्षावधी ते कोट्यवधी आयन जाऊ शकतात. मानवी जनुकसंचात या वाहिन्यांच्या मुख्य उपघटकांची सुमारे ८० जनुके आहेत. रचनेनुसार त्यांचे विभव-नियंत्रित, कॅल्शियम-नियंत्रित, अंतर्मुखी आणि द्विरंध्र-क्षेत्रीय असे चार प्रमुख गट मानले जातात.

पेशीतून वाहणारा एकूण पोटॅशियम प्रवाह तीन राशींच्या गुणाकाराइतका असतो: पटलावरील वाहिन्यांची संख्या, वाहिनीचे द्वार उघडे असण्याची संभाव्यता आणि एका उघड्या वाहिनीतून जाणारा प्रवाह. द्वाराची उघडझाप काही सहस्रांश सेकंदांत बदलू शकते. संख्येतील बदलाला मिनिटांपासून दिवसांपर्यंतचा काळ लागतो, पण तो अधिक टिकाऊ असतो. संख्येचे हे नियमन मुख्यतः वाहतुकीद्वारे होते. जनुकाचे वाचन होऊन प्रथिन भरपूर प्रमाणात तयार झाले, तरी ते पटलावर पोहोचले नाही तर प्रवाह निर्माण होत नाही.

संशोधनाचा इतिहास

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या महाकाय अक्षतंतूवरील प्रयोगांतून सोडियम व पोटॅशियमचे स्वतंत्र प्रवाह दाखवून दिले. एरविन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये विकसित केलेल्या पॅच क्लॅम्प तंत्रामुळे एकेका वाहिनीचा प्रवाह मोजता येऊ लागला. पोटॅशियम वाहिनीचे पहिले जनुक १९८७ मध्ये फळमाशीत ओळखले गेले. त्यातील बदलामुळे ईथरची भूल दिलेल्या माशीचे पाय थरथरतात, म्हणून त्याला 'शेकर' हे नाव मिळाले होते. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये एका जीवाणूतील पोटॅशियम वाहिनीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. या कार्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रथिनांच्या वाहतुकीचा अभ्यास याच काळात स्वतंत्रपणे पुढे जात होता. जॉर्ज पॅलेड यांनी स्रावी प्रथिनांचा पेशीतील मार्ग शोधला, तर प्रथिनांच्या रचनेतच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो हे ग्युंटर ब्लोबेल यांनी दाखवले. पुटिकांद्वारे होणाऱ्या वाहतुकीच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे दोन प्रवाह १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकत्र आले आणि पोटॅशियम वाहिन्यांच्या वाहतुकीचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा आकाराला आली.

निर्मितीपासून पेशीपटलापर्यंत

घडण आणि गुणवत्ता तपासणी

वाहिनीचे उपघटक आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेल्या रायबोसोमवर तयार होतात आणि तयार होतानाच जालिकेच्या पटलात ओवले जातात. बहुतेक पोटॅशियम वाहिन्यांत चार उपघटक एकत्र येऊन मध्ये एक रंध्र तयार होते. द्विरंध्र-क्षेत्रीय गटात मात्र दोनच उपघटक पुरतात. उपघटकांना योग्य घडी पडावी यासाठी चॅपरोन नावाची साहाय्यक प्रथिने त्यांना धरून ठेवतात. हृदयातील हर्ग वाहिनीच्या घडणीत एचएसपी ७० आणि एचएसपी ९० या साहाय्यक प्रथिनांचा सहभाग आढळला आहे.

ज्या उपघटकाला योग्य घडी पडत नाही, त्याला युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लावली जाते. त्यानंतर तो जालिकेतून पेशीद्रव्यात ओढला जाऊन प्रोटिएसोममध्ये नष्ट केला जातो. ही तपासणी प्रथिनाच्या कार्याची नसून घडणीची असते. त्यामुळे पटलावर पोहोचली असती तर पुरेसे काम करू शकली असती, अशी वाहिनीही किरकोळ घडणदोषामुळे अडवली जाऊ शकते. वाहतूक सुधारणाऱ्या औषधांची कल्पना याच निरीक्षणावर आधारलेली आहे.

अडवणारे संकेत

जुळणी पूर्ण झाल्याशिवाय वाहिनी बाहेर न सोडण्याची यंत्रणा स्वादुपिंडातील एटीपी-संवेदी पोटॅशियम वाहिनीत स्पष्ट दिसते. ही वाहिनी आठ उपघटकांची असते. केआयआर ६.२ हे चार उपघटक रंध्र तयार करतात आणि सल्फोनिलयुरिया ग्राही म्हणून ओळखले जाणारे एसयूआर १ हे चार उपघटक त्यांना वेढतात. यांपैकी कोणताही एक प्रकार एकटा असल्यास तो पटलावर पोहोचत नाही. केआयआर ६.२ च्या शेवटच्या टोकाकडील २६ अमिनो आम्ले कापून टाकल्यास मात्र तो एकटाही पटलावर पोहोचतो, असे १९९७ मध्ये दिसून आले.

या कोड्याचा उलगडा १९९९ मध्ये लिली जॅन आणि यू नंग जॅन यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून झाला. दोन्ही उपघटकांत आर्जिनिन-लायसिन-आर्जिनिन असा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो. तो उघडा असला की कोपी-१ हे पुटिकांचे आवरण-प्रथिन त्या उपघटकाला पकडून आंतर्द्रव्यजालिकेत परत नेते. आठही उपघटक नीट जुळले की हे क्रम झाकले जातात आणि वाहिनी पुढे जाऊ शकते. १४-३-३ या गटातील प्रथिनेही अशा संकेतांवरील कोपी-१ ची पकड सोडवण्यास मदत करतात. अशा रीतीने अर्धवट जुळलेली वाहिनी पटलावर जाण्यापासून रोखली जाते.

पुढे पाठवणारे संकेत

काही वाहिन्यांत अडवणाऱ्या संकेताच्या जोडीला, किंवा त्याऐवजी, बाहेर पाठवणारा संकेत असतो. हृदय, कंकाल स्नायू व मेंदूत आढळणाऱ्या केआयआर २.१ या वाहिनीत सहा अमिनो आम्लांचा असा क्रम २००१ मध्ये ओळखला गेला. तो काढून टाकल्यास वाहिनी आंतर्द्रव्यजालिकेत साचते, तर तो दुसऱ्या एखाद्या वाहिनीला जोडल्यास तिचे पटलावरील प्रमाण वाढते.

विभव-नियंत्रित गटातील केव्ही १.१ आणि केव्ही १.४ या निकटच्या वाहिन्यांचे वर्तन परस्परविरुद्ध असते. केव्ही १.४ सहजपणे पटलावर पोहोचते, तर केव्ही १.१ एकटी असल्यास बहुतांशी जालिकेत राहते. हा फरक रंध्राच्या बाह्य भागातील मोजक्या अमिनो आम्लांमुळे पडतो. दोन्ही प्रकारच्या उपघटकांपासून बनलेल्या संमिश्र वाहिनीचे पटलावरील प्रमाण उपघटकांच्या मिश्रणानुसार ठरते.

गॉल्जी संकुलातील टप्पा

आंतर्द्रव्यजालिकेतून निघालेल्या पुटिका गॉल्जी संकुलात पोहोचतात. अनेक वाहिन्यांना जालिकेत जोडलेल्या शर्करा-साखळ्या येथे अधिक जटिल होतात व प्रथिनाचे वस्तुमान वाढते. हर्ग वाहिनीचा अपरिपक्व उपघटक सुमारे १३५ किलोडाल्टनचा, तर परिपक्व उपघटक सुमारे १५५ किलोडाल्टनचा असतो. प्रयोगशाळेत प्रथिनांचे वस्तुमानानुसार विलगीकरण केल्यावर दोन वेगळे पट्टे दिसतात. वरचा पट्टा नसेल तर वाहिनी गॉल्जी संकुलापर्यंत पोहोचलीच नाही, असा निष्कर्ष काढता येतो.

गॉल्जी संकुलातून बाहेर पडतानाही निवड होते. केआयआर २.१ च्या दोन टोकांकडील भाग घडीमुळे जवळ येऊन एक संयुक्त संकेत तयार होतो आणि एपी-१ हे जुळवणी-प्रथिन तो ओळखते. प्रथिनाची घडी योग्य असेल तरच हा संकेत तयार होत असल्याने येथे दुसऱ्यांदा गुणवत्ता तपासणी होते.

पेशीपटलावरून माघार

पटलावर पोहोचलेली वाहिनी तेथे कायम राहत नाही. एंडोसायटोसिस अर्थात पेशीय भक्षणाने पटलाचा काही भाग आत खेचला जातो व त्याबरोबर वाहिन्याही आत येतात. या क्रियेत बहुधा क्लॅथ्रिन हे आवरण-प्रथिन भाग घेते. आत आलेली वाहिनी एक तर रॅब गटातील प्रथिनांच्या मदतीने पुन्हा पटलाकडे पाठवली जाते किंवा लयकारिकेत नष्ट होते. कोणता मार्ग घ्यायचा हे वाहिनीवरील रासायनिक खुणांवरून ठरते. फॉस्फेट गट जोडणारे कायनेज विकर आणि युबिक्विटिन जोडणारे विकर यांचे या निर्णयात महत्त्वाचे स्थान आहे. नेड ४-२ हे युबिक्विटिन जोडणारे विकर अनेक पोटॅशियम वाहिन्यांना माघारी बोलावते, तर एसजीके १ हे कायनेज नेड ४-२ ला रोखून वाहिन्यांचा पटलावरील मुक्काम लांबवते.

मूत्रपिंडातील नियमन

आहारातून मिळणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के पोटॅशियम मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते. मूत्रनलिकेच्या शेवटच्या भागातील पेशींच्या पोकळीकडील पटलावर असलेली रॉमके ही वाहिनी या उत्सर्जनाचे एक प्रमुख द्वार आहे. आहारात पोटॅशियम भरपूर असल्यास अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे एसजीके १ सक्रिय होऊन रॉमकेच्या ४४ व्या स्थानावरील सेरिनला फॉस्फेट गट जोडला जातो. या खुणेमुळे आंतर्द्रव्यजालिकेत अडवणारा संकेत निष्प्रभ होतो आणि अधिक वाहिन्या पटलावर येतात. पोटॅशियमचा तुटवडा असल्यास याउलट रॉमके वाहिन्या आत खेचल्या जातात व शरीरातील पोटॅशियम वाचते.

रॉमकेला आत खेचण्यात डब्ल्यूएनके गटातील कायनेजांचा सहभाग असतो. डब्ल्यूएनके १ आणि डब्ल्यूएनके ४ यांच्या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम दोन्ही वाढणारा गॉर्डन संलक्षण हा आनुवंशिक विकार होतो, असे २००१ मध्ये आढळले. डब्ल्यूएनके ४ हे क्लॅथ्रिनच्या मार्गाने रॉमकेची पटलावरील संख्या कमी करते आणि या विकारातील उत्परिवर्तनांमुळे हा परिणाम अधिक तीव्र होतो, हे २००३ मध्ये बेडकाच्या अंडपेशींवरील प्रयोगांत दिसून आले. या विकारातील रक्तदाबवाढ मुख्यतः मूत्रनलिकेत मिठाचे पुनःशोषण वाढल्यामुळे होते.

चेतापेशींमधील स्थाननिश्चिती

चेतापेशीत वाहिनी पटलावर पोहोचणे पुरेसे नसते, ती योग्य भागात पोहोचावी लागते. अक्षतंतू, वृक्षिका आणि पेशीकाय यांची कार्ये भिन्न असल्याने त्यांच्यावरील वाहिन्याही भिन्न असतात. केव्ही १ गटातील वाहिन्या मुख्यतः अक्षतंतूवर, केव्ही २.१ पेशीकायावर व त्यालगतच्या वृक्षिकांवर, तर केव्ही ४.२ वृक्षिकांच्या दूरच्या भागातही आढळते. सूक्ष्मनलिकांवरून चालणारी कायनेसिन ही वाहक-प्रथिने वाहिन्यांनी भरलेल्या पुटिका ओढून नेतात. इच्छित स्थळी अँकरिनसारखी प्रथिने वाहिन्यांना जखडून ठेवतात. अक्षतंतूच्या आरंभभागात केसीएनक्यू २ आणि केसीएनक्यू ३ या उपघटकांच्या वाहिन्या अँकरिन-जी या प्रथिनामुळे स्थिरावतात. या दोन जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे नवजात बालकांत आनुवंशिक झटक्यांचा विकार होतो.

चेतापेशीच्या सक्रियतेनुसार ही मांडणी बदलते. केव्ही ४.२ मधून वाहणारा प्रवाह वृक्षिकांतील उत्तेजना दाबतो. संपर्कस्थानावरील एनएमडीए ग्राही सक्रिय होऊन कॅल्शियम आत आले की केव्ही ४.२ वाहिन्या पटलावरून आत घेतल्या जातात आणि वृक्षिका अधिक संवेदनशील होते, असे २००७ मध्ये उंदरांच्या चेतापेशींवरील संशोधनात दिसले. अध्ययन व स्मृतीशी संबंधित दीर्घकालीन बदलांमध्ये या यंत्रणेचा वाटा असल्याचे मानले जाते.

वाहतुकीतील दोषांमुळे होणारे विकार

दीर्घ क्यूटी संलक्षण

दीर्घ क्यूटी संलक्षणात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत येण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ घेतात. त्यामुळे हृदयविद्युतालेखातील क्यूटी हा कालखंड लांबतो. अशा हृदयात अनियमित व अतिवेगवान ठोके सुरू होऊन बेशुद्धी किंवा आकस्मिक मृत्यू ओढवू शकतो. आनुवंशिक स्वरूपातील हा विकार सुमारे २,००० पैकी एका व्यक्तीत आढळतो. त्याचा दुसरा प्रकार केसीएनएच २ या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे होतो, असे १९९५ मध्ये सिद्ध झाले. हे जनुक हर्ग वाहिनीचे १,१५९ अमिनो आम्लांचे उपघटक तयार करते. या प्रकारात घड्याळाचा गजर किंवा दूरध्वनीची घंटा यांसारख्या अचानक आवाजाने झटका येण्याचे प्रमाण विशेष असते.

या विकारात एकच अमिनो आम्ल बदलणारी बहुतांश उत्परिवर्तने वाहिनीच्या घडणीत बाधा आणतात, त्यामुळे ती आंतर्द्रव्यजालिकेतच अडकते. रुग्णाला सहसा एका पालकाकडून सदोष व दुसऱ्याकडून निर्दोष जनुक मिळालेले असते. सदोष उपघटक निर्दोष उपघटकांशी जुळू शकत असेल आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात तयार होत असतील, तर चारही उपघटक निर्दोष असण्याची शक्यता १६ मध्ये १ एवढीच उरते. त्यामुळे काही कुटुंबांत हा विकार अधिक तीव्र असतो.

जन्मजात दोष नसतानाही हर्गची वाहतूक बिघडू शकते. ल्युकेमियाच्या एका प्रकारावर दिले जाणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि परजीवीजन्य आजारांवरील पेंटामिडिन ही औषधे वाहिनीचे रंध्र बंद करण्याऐवजी तिची पटलाकडील वाहतूक रोखून क्यूटी लांबवतात. औषध दिल्यावर काही मिनिटांतच प्रवाह मोजणाऱ्या चाचणीत असा परिणाम दिसत नाही, कारण पटलावरील जुन्या वाहिन्या संपेपर्यंत काही तास जावे लागतात. पेशीबाहेरील पोटॅशियम फार कमी झाल्यास हर्ग वाहिन्या वेगाने आत खेचल्या जाऊन नष्ट होतात, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले. रक्तातील पोटॅशियम घटल्यावर हृदयाची लय बिघडण्याचा धोका का वाढतो, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

इन्सुलिनस्रावाचे विकार

रक्तातील साखर वाढली की बीटा पेशींतील एटीपी-संवेदी वाहिन्या बंद होतात आणि इन्सुलिन स्रवते. एसयूआर १ मधील काही उत्परिवर्तनांमुळे वाहिनी पटलावर पोहोचत नाही. त्यामुळे साखर कमी असतानाही इन्सुलिन स्रवत राहते व नवजात बालकाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वेळीच उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. केआयआर ६.२ मधील काही उत्परिवर्तनांत याउलट स्थिती असते. त्यांत वाहिनी आत घेण्याचा संकेत बिघडतो, पटलावर वाहिन्या अधिक काळ राहतात, इन्सुलिनचा स्राव मंदावतो व नवजात मधुमेह होण्यास हातभार लागतो.

अँडरसन-तविल संलक्षण

केआयआर २.१ च्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे होणाऱ्या या विकारात अधूनमधून येणारा स्नायूंचा लुळेपणा, हृदयाच्या लयीतील बिघाड आणि चेहरा व हाडांच्या रचनेतील वेगळेपणा ही लक्षणे दिसतात. लागोपाठची दोन अमिनो आम्ले गाळली गेलेल्या एका उत्परिवर्तनात वाहिनी आंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर पडते, परंतु गॉल्जी संकुलात अडकून राहते.

उपचारांच्या दिशा

हर्ग वाहिनीतील ४७० व्या स्थानावरील एका उत्परिवर्तनाचा वाहतूकदोष कमी तापमानात पेशी वाढवल्यास किंवा हर्गला चिकटणारे औषध दिल्यास दूर होतो, असे क्रेग जॅन्युअरी यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. औषधाचा रेणू रंध्रात बसून घडी स्थिर करतो आणि वाहिनी तपासणीतून पार पडते. अशा औषधांची अडचण म्हणजे तोच रेणू पटलावर पोहोचलेली वाहिनी बंद करतो. फेक्सोफेनाडिन हे ॲलर्जीवरील औषध काही उत्परिवर्तित वाहिन्यांना, त्या बंद न करता, पटलावर आणत असल्याचे पेशींवरील प्रयोगांत आढळले. ज्या टर्फेनाडिनपासून ते शरीरात तयार होते, ते औषध हर्ग वाहिनी बंद करून हृदयाची लय बिघडवत असल्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले होते.

सिस्टिक फायब्रोसिससाठी विकसित झालेल्या लुमाकाफ्टर या औषधाचा दीर्घ क्यूटी संलक्षणाच्या निवडक रुग्णांवर प्रयोग झाला आहे. परिणाम उत्परिवर्तनागणिक भिन्न असल्याने वाहतूक सुधारणारी औषधे हा या विकारावरील प्रस्थापित उपचार नाही. त्यावर बीटा-रोधक औषधे, क्यूटी लांबवणारी औषधे टाळणे, रक्तातील पोटॅशियम योग्य पातळीवर राखणे आणि जोखमीच्या रुग्णांत शरीरात बसवण्याचे डिफिब्रिलेटर हे उपाय वापरले जातात. एटीपी-संवेदी वाहिन्यांच्या बाबतीत सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाची औषधे काही अडकलेल्या वाहिन्यांना पटलावर आणतात. टॉल्ब्युटामाइडसारखे लवकर सुटणारे औषध निघून गेल्यावर वाहिनी पुन्हा काम करू लागते, असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे.

अभ्यासाच्या पद्धती

पटलावरील वाहिन्या मोजण्यासाठी त्यांच्या बाहेरील भागाला बायोटिन किंवा प्रतिपिंडाने ओळखता येणारी खूण जोडतात. प्रदीप्त प्रथिन जोडलेल्या वाहिन्यांचा प्रवास जिवंत पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. पॅच क्लॅम्पने प्रत्यक्ष प्रवाह मोजला जातो. प्रयोगासाठी निवडलेली पेशीही महत्त्वाची असते. बेडकाच्या अंडपेशी सुमारे १८ अंश सेल्सिअसला ठेवल्या जातात. या तापमानात काही सदोष वाहिन्यांनाही योग्य घडी पडते, त्यामुळे मानवी शरीराच्या ३७ अंश तापमानात प्रकट होणारा वाहतूकदोष तेथे झाकला जातो. म्हणून एखाद्या उत्परिवर्तनाचा परिणाम ठरवताना सस्तन प्राण्यांच्या पेशींतील, विशेषतः रुग्णाच्या मूलपेशींपासून तयार केलेल्या हृदयपेशींतील, निरीक्षणांना अधिक महत्त्व दिले जाते.

हे सुद्धा पहा

आयन वाहिनी
आंतर्द्रव्यजालिका
गॉल्जी संकुल
दीर्घ क्यूटी संलक्षण
सोडियम-पोटॅशियम पंप